माशांच्या ओढीचे पुढे काय होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपली मुलगी नववीत शिकते, शाळेतून आली की घरामागच्या ओढ्यावर जाऊन बसते, काचेच्या टाकीत मासे पाळते, ते मेले की दोन दिवस नीट जेवत नाही, आणि मोठेपणी माशांचेच काम करणार असे सांगते. ही ओढ वयाबरोबर ओसरेल का, टिकली तर तिच्यावर आयुष्य उभे राहील का, आणि आईवडिलांनी आता काय करावे, असे आपण विचारले आहे. गोड्या पाण्यातील माशांचे प्रजनन आणि नद्यांची पाहणी हे काम मी ३६ वर्षे केले. त्यामुळे उत्तर देताना मला स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल, आणि ज्यांच्या कामामुळे मी या वाटेला लागले त्यांच्याविषयीही.

माझे मत आधीच सांगते. माशांची ओढ पुष्कळ मुलांना असते. ज्यांची ओढ आयुष्यभर टिकली, त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी नेहमी पाहिली आहे: कुठल्यातरी वळणावर त्यांचे लक्ष माशावरून पाण्याकडे गेले. मासा सुंदर असतो, तो डोळ्यांत भरतो. परंतु तो तिथेच का आहे, पलीकडच्या डोहात का नाही, काल होता तो आज का नाही, या प्रश्नांची उत्तरे माशात नसून पाण्यात असतात. आपली मुलगी ओढ्यावर तासन्‌तास बसते हे मला टाकीपेक्षा अधिक आशेचे लक्षण वाटते.

माझे बालपण महाड तालुक्यात, काळ नदीच्या खोऱ्यात गेले. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याला तांबडे पाणी यायचे आणि ते अंगावर घेत मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरांत चढायचे. आमच्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणत. इतरत्र चढणीचे मासे म्हणतात. रात्री काका पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन निघाले की मी कंदील धरायला जात असे. एका रात्री जाळ्यात आलेल्या माशांची पोटे अंड्यांनी तटतटलेली पाहून मी घरी येऊन आजीला विचारले, की सगळे पाणी खाली धावत असताना हे उलटे वर का येतात. आजी म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी चालल्यात गं." पुढे मी मत्स्यशास्त्र शिकले, तेव्हा हे उत्तर किती नेमके होते हे कळले. पहिल्या पुराबरोबर पाणी थंड होते, गढूळ होते, त्यातील क्षारांचे प्रमाण एकदम उतरते आणि प्रवाह वाढतो. या सगळ्या खुणा मिळून माशाच्या शरीरातील संप्रेरकांना चालना देतात. उथळ, नुकत्याच भिजलेल्या शेतात सूक्ष्म जीव भरपूर निर्माण होतात आणि मोठे शिकारी मासे तिथे फारसे पोहोचत नाहीत, म्हणून पिलांना ती जागा मानवते. मादी वर्षभर नदीत राहते, पण अंडी घालण्यासाठी तिला हेच पाणी हवे असते. याच कारणाने मी चढणीच्या दिवसांत मासेमारी करू नये असे आग्रहाने सांगत आले आहे. त्या आठवड्यात धरलेली एक मादी म्हणजे पुढच्या वर्षीची अख्खी पिढी असते.

दुसरी आठवण वाळणकोंडाची आहे. काळ नदीच्या पात्रातील हा खोल डोह वरदायिनी देवीचा मानला जातो आणि तिथले मासे कोणी धरत नाही. सात बाजांची सुंभे सोडली तरी तळ लागत नाही, असे लोक सांगत. काठावरून कुरमुरे टाकले की मोठमोठे महासीर, म्हणजे नदीतले मोठ्या खवल्यांचे मासे, पाण्याच्या पृष्ठभागावर येत, त्यांचे जाड ओठ आणि रुपयाएवढे खवले अगदी जवळून दिसत. मी बारा वर्षांची असताना खालच्या अंगाला काही लोकांनी सुरुंगाची कांडी लावून मासे मारलेले पाहिले. लहानमोठे सगळेच मासे पांढरी पोटे वर करून वाहत होते. तीच नदी होती, तोच मासा होता, तेच पाणी कोंडातून निघून खाली आले होते. मग फरक कशाने पडला, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे, आणि पुढची सगळी पाहणी मी एका अर्थाने त्याचेच उत्तर शोधण्यासाठी केली.

आता टाकीविषयी, कारण आपल्या मुलीचे दुःख तिथून सुरू होते आणि ते टाळता येण्यासारखे आहे. महाविद्यालयात असताना मी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि माझ्या पिढीतील कित्येकांनी काचेपलीकडचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला असेल. परत आल्यावर मी साठवलेल्या पैशांतून टाकी, वाळू आणि दहा मासे घेतले. नवव्या दिवशी एकही मासा जिवंत नव्हता. पाणी स्वच्छ दिसत होते, मी खाऊ वेळेवर घालत होते, पाणी गढूळ वाटले की सगळे बदलत होते. मला वाटले की माझ्या हातालाच काही दोष आहे.

घडले ते असे. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. नदीत ते वाहून जाते, विरळ होते, टाकीत साठते. वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वाढणारे काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि थोडे पाणी बदलले की निघून जाते. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, आणि पाणी गढूळ दिसले की सगळे पाणी ओतून स्पंज नळाखाली धुतला, म्हणजे जे थोडे जिवाणू जगत होते तेही क्लोरीनने मारले. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितका तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून उन्हाळ्यात हे मृत्यू अधिक होतात.

तेव्हा मुलीला सांगावे की मासे तिच्या दुर्लक्षामुळे मेले नाहीत. टाकी मोठी घ्यावी, मासे थोडे ठेवावेत, सुरुवातीला दोन-तीनच सोडून महिनाभर थांबावे. खाऊ दोन मिनिटांत संपेल इतकाच घालावा. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. नळाचे पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवले की त्यातील साधे क्लोरीन उडून जाते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. हे सगळे तिला स्वतःच्या हाताने करू द्यावे आणि शक्य असल्यास अमोनिया मोजण्याचा साधा संच आणून द्यावा. ज्या दिवशी ती मासे पाहण्याआधी पाणी मोजेल, त्या दिवसापासून तिचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही तर माशाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. एक लिटर पाण्यात २० अंश तापमानाला जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. म्हणजे पाणी तापले की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. महासीर खळखळत्या, गोट्यांच्या, थंड पाण्यात का राहतो आणि मरळ चिखलाच्या तळ्यात कशी तगते, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक वेगळा कप्पा असतो, ती दर काही वेळाने वर येऊन हवा गिळते. तिला फार वेळ पाण्याखालीच अडकवून ठेवले तर ती चांगल्या पाण्यातही गुदमरते. मुलीने ओढ्यावर बसून मासा किती वेळाने वर येतो हे मोजले, तर हा धडा तिला पुस्तकाशिवाय मिळेल.

आपल्या नद्यांचे मासे पहिल्यांदा नीट नोंदवले ते विल्यम हेन्री साईक्स या अधिकाऱ्याने. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी पाहणी करताना त्याने मासे जमवले, जिवंत माशांवरून चित्रे काढून घेतली, आणि १८४० च्या सुमारास त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. मला त्याच्या कामातील एक गोष्ट अतिशय प्रिय आहे: त्याने नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, नुक्ता, शिंगटी, अलकुटी ही नावे लॅटिन रूप घेऊन आज जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे, आणि त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेतून आला होता. आज त्या पात्राकडे पाहिले की माझ्या मनाला फार लागते. तिथल्या पाण्याचा रंग आणि वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाही. परंतु नोंद होती म्हणून तरी आपण काय गमावले हे कळते. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली आणि पुढच्या संशोधकांनी तिच्याशी आपल्या याद्या ताडून पाहिल्या, म्हणून नाहीशा झालेल्या जाती ओळखता आल्या. ज्या ओढ्याची कोणीच यादी केली नाही, त्यातून काय गेले हे कोणालाही सांगता येणार नाही. आपल्या घरामागचा ओढा बहुधा असाच आहे.

माशांच्या ओढीवर आयुष्य कसे उभे राहते याचे उदाहरण मला विचारले तर मी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे नाव घेते. १९४० साली त्यांनी आपल्या किनाऱ्यावरील खाड्यांत राहणाऱ्या एका इवल्याशा माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा मासा जेमतेम दोन सेंटिमीटर लांब आणि इतका पारदर्शक आहे की पाण्यात त्याचे फक्त डोळे दिसतात. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांवरून त्याला होराइक्थिस सेटनाय असे नाव दिले गेले. आता त्याची गणना ओरायझिअस या प्रजातीत होते. कुलकर्णी नवे नाव देऊन थांबले नाहीत. नराच्या गुदपराचे, म्हणजे पोटाखाली मागे असलेल्या पराचे, एका गुंतागुंतीच्या अवयवात रूपांतर झालेले असते, त्याने तो शुक्राणूंची गाठोडी मादीच्या शरीराला चिकटवतो, आणि फलन आत होऊनही मादी पिलांना जन्म न देता अंडीच घालते, हा सगळा क्रम त्यांनी तपशिलाने उलगडला. मादीला पोटाखालच्या जोडपरांपैकी उजव्या बाजूचा श्रोणिपर नसतो, इतकी बारीक रचना त्या नखाएवढ्या जीवात आहे. मी विद्यार्थिनी असताना खाडीकाठच्या एका डबक्यातून हा मासा भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याचे धडधडणारे हृदय शरीराबाहेरून दिसत होते. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

हेच कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले, आणि १९७० च्या सुमारास त्यांनी लोणावळ्याला दख्खनच्या महासीराच्या प्रजननाचे काम हाती घेतले. दोन सेंटिमीटरच्या माशापासून माणसाच्या मांडीएवढ्या माशापर्यंतचा हा प्रवास एकाच सवयीचा आहे: मादी अंडी कुठे, केव्हा, कोणत्या पाण्यात घालते हे धीराने पाहणे. त्याआधी १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे कार्प माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात प्रजनन घडवले होते आणि भारतातील मत्स्यशेतीचा पायाच बदलला होता. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. रोहू-कटल्याची अंडी वाहत्या पाण्यात अधांतरी राहतात आणि पंधरा-सोळा तासांत फुटतात. महासीराचे गणित निराळे आहे. अंडी संख्येने कमी, आकाराने मोठी, पिवळसर सोनेरी, जड, तळाशी बसणारी, आणि फुटायला तीन-चार दिवस घेणारी. एवढा काळ तळाशी राहणाऱ्या अंड्याला सतत ताजे, वाहते पाणी लागते. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७९ साली दाखवून दिले की ही फलित अंडी पाण्यात न ठेवता ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर नेता येतात. ऐकायला नवल वाटते, पण कारण सरळ आहे. अंड्याला ओलावा आणि ऑक्सिजन हवा असतो. पिशवीतल्या साठलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, ओल्या कापसाभोवती मात्र हवा खेळती राहते. ज्यांना पाणी कळले होते, त्यांनाच पाण्याशिवाय अंडी नेण्याचे सुचले.

मी स्वतः सह्याद्रीतील एका जलाशयाकाठच्या उबवणी केंद्रात काम सुरू केले. पावसाळ्याच्या रात्री जाळ्यात आलेल्या पिकलेल्या माद्या हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य सोडायचे, पिसाने ढवळायचे, मग हळूहळू पाणी घालायचे आणि अंडी चाळणीच्या तबकांत एकेरी थराने पसरायची. पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती मुद्दाम लिहिते. अंडी फुटली, हजारो पिले निघाली, आणि मी आनंदाने तबकांवरचे झाकण काढून दिवा लावला. महासीराची पिले फुटल्यावर काही दिवस जवळजवळ निपचित असतात; पोटाशी पीतकाची, म्हणजे अंड्यातल्या बलकाची, पिशवी असते, ती संपेपर्यंत पोहत नाहीत, आणि उजेड टाळून कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांवर साचतात. निसर्गात ती गोट्यांच्या फटींत अशीच दडतात. माझ्या तबकाच्या चारही कोपऱ्यांत त्यांचे ढीग झाले आणि तळाची पिले गुदमरली. सकाळी मी दोन तबके रिकामी केली. तेव्हापासून मी तबकांवर अंधार ठेवला, पाण्याचा झोत कोपऱ्यांकडून सोडला, आणि एका तबकात निम्मीच अंडी ठेवली. पुढच्या वर्षी जिऱ्यापासून, म्हणजे इवल्याशा पिलापासून, बोटाएवढ्या बोटुकलीपर्यंत वाढलेली पिले नदीत सोडताना मला जे वाटले, ते शब्दांत नीट मांडता येणार नाही.

परंतु सोडणे म्हणजे नेहमीच भले करणे नव्हे, हेही मी नंतर शिकले. दख्खनच्या महासीराचे बीज दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा एक महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. १९४६ साली १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. बाहेरून आलेला महासीर वाढत गेला आणि हा मूळचा मासा जवळपास दिसेनासा झाला. त्याचे शास्त्रीय नावच नक्की नव्हते. २००७ साली केरळातील पांबार नदीतून वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच, हे २०१८ साली स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचाही असा परिणाम होऊ शकतो. ज्या नदीचा मासा, त्याच नदीच्या प्रजनक माशांपासून बीज करावे आणि तिथेच सोडावे, असे मी तेव्हापासून सांगत आले आहे. त्याहूनही आधी डोह आणि गोट्यांचे उथळे राखावेत, कारण वाळू आणि गोटे उपसलेल्या पात्रात कितीही बोटुकली सोडली तरी तिथे अंडी घालायला जागा उरत नाही.

टाकीतल्या माशांचाही या गोष्टीशी थेट संबंध आहे. मुलीचा मासा मोठा झाला, टाकीत मावेना, आणि जीव वाचावा म्हणून कोणी तो ओढ्यात सोडला, तर ती दया ओढ्यातल्या माशांना महाग पडते. काचेचे शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच आपल्या जलाशयांत पोहोचला आहे. त्याच्या अंगावर हाडांचे कवच असते, जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी घेत नाही. १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाची कथा अधिक अवघड आहे. उजनीच्या काठी तिला चिलापी म्हणतात, तिच्यावर अनेक कुटुंबांचा संसार चालतो, आणि त्या लोकांना मी कधीही दोष देणार नाही. तरीही मूळच्या माशांची जागा आक्रसली, हे सत्य बदलत नाही. मुलीला एवढा एक नियम आजच सांगावा की विकत आणलेला मासा, शंख किंवा पाणवनस्पती कोणत्याही कारणाने नैसर्गिक पाण्यात सोडायची नाही.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. बारावीपर्यंत विज्ञान शाखा घ्यावी आणि जीवशास्त्राइतकेच रसायनशास्त्राकडेही लक्ष द्यावे. माझ्या कामात मला रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची उणीव सर्वांत अधिक जाणवली. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, उदगीर आणि नागपूर येथेही आहे. मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची असते. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. प्राणिशास्त्रात पदवी घेऊनही नदीच्या माशांकडे वळता येते. पोट भरण्याचा प्रश्न विचाराल तर मत्स्यबीज, खाद्यनिर्मिती, कोळंबी आणि शासकीय मत्स्यव्यवसाय विभाग यांत काम मिळते. नदीतल्या देशी माशांच्या अभ्यासात मात्र पैसा कमी, प्रकल्प अल्पमुदतीचे आणि वाट पाहणे फार, हे मी लपवणार नाही.

या कामाची किंमत घरालाही मोजावी लागते. माशांचा विणीचा हंगाम हाच आपला सणांचा हंगाम. कितीतरी गौरी-गणपती मी उबवणी केंद्रात काढले, आणि माझ्या सासूबाईंनी तक्रार न करता घर सांभाळले म्हणून ते शक्य झाले. मुलगी रात्री-अपरात्री नदीवर जाणार म्हणून नातेवाईक बोलतील, मलाही बोलले. त्यावर वाद घालण्यापेक्षा सोबत देणे अधिक उपयोगाचे ठरते. माझे वडील पहिली दोन वर्षे काहीही न बोलता काठावर येऊन बसत असत. सुरक्षिततेचे नियम मात्र कठोर असावेत: पाण्यावर एकटीने जायचे नाही, वर पाऊस कोसळत असताना किंवा धरणाचे पाणी सुटायचे असताना पात्रात उतरायचे नाही, आणि पाणी अचानक गढूळ होऊन त्यात पालापाचोळा वाहू लागला की सामान तिथेच टाकून वर यायचे.

आपण आता काय करावे, याचे माझे उत्तर खर्चाचे नाही. तिला एक जाड पुठ्ठ्याची वही, एक साधा तापमापक आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग द्यावे. ओढ्याचा पन्नास पावलांचा एकच तुकडा तिने निवडावा आणि वर्षभर तोच पाहावा. दर आठवड्याला एकाच वेळी पाण्याचे तापमान, काठावर रोवलेल्या काठीवरची पाण्याची उंची, तळ वाळूचा की गोट्यांचा, आणि दिसलेले मासे लिहावेत. नाव माहीत नसेल तर चित्र काढावे. मिशा किती, पाठीवरचा पर कुठून सुरू होतो, शेपटीवर ठिपका आहे का, अंगावर पट्टे किती, एवढे चित्रात असले तर जाणकाराला जात ओळखता येते. मासा धरलाच तर पाणी भरलेल्या पारदर्शक बरणीत दोन-तीन मिनिटे पाहून त्याच जागी सोडावा. गावातल्या जुन्या मासेमारांना प्रत्येक माशाचे नाव विचारून घ्यावे, कारण ती नावे आता फार थोड्या माणसांच्या तोंडी राहिली आहेत.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल त्या संध्याकाळी तिला अभ्यासातून सुटी द्यावी, आपल्यापैकी कोणीतरी बरोबर जावे, आणि मासे कधी चढू लागले ती वेळ तिने लिहावी. ते पान मला पाठवावे. कोणता मासा होता हे तिला ओळखता आले नाही तरी चालेल. पण पाण्याचे तापमान, पाण्याची उंची आणि वेळ मात्र त्यात असू द्यावी.